डॅलस ते बॅडलँड्स आरव्हीने (आत राहण्याची सोय असलेल्या मोठ्या गाडीने), वादळाच्या मोसमात

आई-बाबा नाशिकहून आले की त्यांना माउंट रशमोर (साउथ डकोटात डोंगरात कोरलेले अमेरिकी अध्यक्षांचे चेहरे) दाखवायचं, हे कधीचं ठरलं होतं. विमान नको, बाबांना रस्त्याने देश बघायचा होता. म्हणून मे अखेरीस आरव्ही भाड्याने घेतली आणि डॅलसहून आय-३५ धरला: ओक्लाहोमा, कॅन्ससमधलं विचिटा आणि सलायना, आणि वर साउथ डकोटा, तिथलं बॅडलँड्स नॅशनल पार्क. रस्ता सोपा आहे. पण मे-जूनमध्ये हा सगळा पट्टा टोर्नेडोचा (ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्यांचा), आणि आरव्ही कितीही घरासारखी वाटली तरी ती चाकांवर उभी आहे, जमिनीला कुठेच बांधलेली नाही.

सकाळी चहाबरोबर स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरचा (वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा) नकाशा उघडायचा. (हे सेंटर वाटेवरच, ओक्लाहोमातल्या नॉर्मनला आहे.) धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. तिसरी किंवा त्यावरची दिसली की त्या भागात मुक्काम करायचा नाही, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. मोठी वादळं बहुधा दुपारनंतर आणि संध्याकाळी उठतात, म्हणून लवकर निघून तीनच्या आत गाडी लावायची. रस्त्यात वादळाने गाठलंच तर पुलाखाली आडोसा घेऊ नका. तिथे वारा उलट जोर धरतो. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोत पुलाखाली थांबलेल्यांपैकी काहींचा जीव गेला.

सलायनाजवळच्या कॅम्पग्राउंडमध्ये तळ्याकाठची छान जागा मिळत होती. आम्ही बाथहाउसला (सगळ्यांच्या न्हाणीघर-संडासांच्या इमारतीला) लागून असलेली घेतली, कारण वादळात थांबायचं तिथेच. आईने नाक मुरडलं, पण बाबांच्या गुडघ्यांना अंधारात पावसातून किती चालवेल, हा हिशेब होता. ऑफिसमध्ये विचारायचे प्रश्न तीनच: वादळात थांबायची जागा कुठली, ती रात्री उघडी असते का, आणि दाराचा कोड काय. कोड घरातल्या प्रत्येकाला पाठ हवा.

काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचं) नावही तिथेच विचारून घ्या. इशारे गावापेक्षा काउंटीच्या नावाने दिले जातात आणि परक्या माणसाला ते कळत नाही. आम्ही फ्रिजवर कागद चिकटवला: आमची काउंटी सलीन, आणि खाली पश्चिमेकडच्या व दक्षिणेकडच्या एल्सवर्थ, लिंकन, मॅकफर्सन. वादळं बरेचदा त्याच अंगाने येतात.

संध्याकाळी टोर्नेडो वॉच लागला. म्हणजे हवा तशी आहे, तयारीत राहा. ऑनिंग (दारावरचं कापडी छप्पर) गुंडाळलं, स्लाइड (बाजूने बाहेर सरकणारा गाडीचा भाग) आत घेतली, गॅस सिलिंडरपाशी बंद केला. बूट, औषधं, पासपोर्ट आणि टॉर्च एका सॅकमध्ये दाराशी. रात्री वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) किंचाळला: वॉर्निंग, म्हणजे टोर्नेडो दिसला किंवा रडारवर सापडला. आता विचार करायचा नाही, निघायचं. बाबा म्हणाले, "अरे, दार लावून बसलो तर काय होतंय?" आईने त्यांच्या पायात बूट चढवले आणि हाताला धरून बाहेर काढलं. तिच्यापुढे त्यांचं चालत नाही.

बाथहाउस काँक्रीटच्या विटांचं. बेसिनखाली फरशीवर माणसं बसलेली, एकाच्या मांडीवर पिंजऱ्यातलं मांजर. टोर्नेडो आला नाही, गारा आल्या. छतावरच्या व्हेंटची (हवेच्या झरोक्यांची) प्लॅस्टिकची झाकणं फुटली आणि पलंगावर पाणी. जाड ताडपत्री आणि चिकटपट्टी सोबत असू द्या. भाड्याच्या कागदांत गारांचं आणि छताचं नुकसान कोणाच्या माथी, हे निघण्याआधी वाचा. आमच्या कंपनीने छत वगळलं होतं.

मोबाइलवर भिस्त ठेवू नका. ११ जून २०१० ला पहाटे आर्कान्सामधल्या अल्बर्ट पाइक कॅम्पग्राउंडमध्ये नदीच्या लोंढ्यात २० जण गेले. पुराचा इशारा निघाला होता, पण त्या दरीत फोनला रेंज नव्हती. १६२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा, बॅटरीवरचा वेदर रेडिओ घ्याच. आणि पावसाचा अंदाज असेल तर नदीकाठची जागा फुकट मिळाली तरी नको.

साउथ डकोटात आय-९० वर व्हिव्हियन लागतं. २३ जुलै २०१० ला इथे पडलेली गार आठ इंच व्यासाची होती, वजन जवळजवळ ९०० ग्रॅम. आमच्या वेळी नुसतं ऊन. बॅडलँड्सला मात्र वारा सतत, ऑनिंग उघडायचा मोह टाळा. तिथे वेळ माउंटन, म्हणजे डॅलसपेक्षा एक तास मागे, आणि इशाऱ्यातल्या वेळा स्थानिक असतात. फोन आपोआप बदलतो, पण आरव्हीच्या भिंतीवरचं घड्याळ आणि बाबांचं मनगटी तुम्हालाच फिरवावं लागतं.