तुम्ही विचारलंत म्हणून: धिप्पाड माणूस जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये मावतो का?

‘तुम्ही यात बसता तरी कसे?’ भारतातून पाहुणे आले की गाडीभोवती एक चक्कर मारून हे विचारतातच. इथले इंग्रज शेजारी जरा आडवळणाने विचारतात, पण विचारतात तेच. माझी उंची सहा फूट दोन इंच, वजन शंभर किलोंच्या वर, खांदे रुंद. गाडी सत्तरच्या दशकातली, एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी जीटी, दोन दारांची, जमिनीपासून छपरापर्यंत जेमतेम सव्वाचार फूट. प्रश्न साहजिक आहे. पण विचारणाऱ्यांपैकी सगळ्यांनाच नुसतं कुतूहल नसतं. काहींना अशी गाडी लहानपणापासून हवी असते आणि ‘आपल्या अंगाला ती होणार नाही’ असं मनाशी ठरवून ते गप्प बसलेले असतात. मी लिहितोय ते मुख्यतः त्यांच्यासाठी.

बसता येतं. आरामात बसता येतं, दोन-तीन तास न थांबता चालवता येतं. मात्र कोणत्या गाडीत, ते बाहेरून बघून अजिबात कळत नाही.

माझ्याच गाडीच्या घराण्याचं उदाहरण घ्या. फ्रान्समधल्या ल मां इथल्या १९५१च्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी एमजीने जॉर्ज फिलिप्स या चालकाला एक खास गाडी बांधून दिली. वरचं कवच नवं, वाऱ्याला वाट देणारं, खाली चासी, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते तो सांगाडा, मात्र जुन्या टीडी मॉडेलची. त्या चासीच्या दोन तुळया एकमेकींच्या इतक्या जवळ होत्या की सीट त्यांच्या वरच ठेवावी लागली आणि चालक वाऱ्यात उंच डोकं काढून बसला. सिड एनेव्हर या एमजीच्या अभियंत्याला ते खटकलं. त्याने नवी चासी आखली, तुळया बाहेरच्या बाजूला सरकवल्या आणि माणूस त्यांच्या मधोमध खाली बसवला. १९५५ साली बाजारात आलेल्या एमजीएचा पाया हाच. माणूस कुठे बसणार, एवढ्यासाठी अख्खी चासी नव्याने आखली गेली, ही गोष्ट मला फार आवडते.

पुढे १९६२ साली एमजीबी आली. तिला वेगळी चासीच नाही, सगळा सांगाडा एकसंध पत्र्याचा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एमजीएमध्ये ९४ इंच, बीमध्ये ९१. एकूण लांबीतही बी आखूड. तरी पाय पसरायला जागा बीमध्ये जास्त, कारण तुळयांनी अडवलेली जागा मोकळी झाली. त्या काळच्या ब्रिटिश दोन-आसनी गाड्यांमध्ये उंच माणसाला मी आजही पहिलं नाव सांगतो ते एमजीबीचं. त्यातही जीटी, म्हणजे १९६५पासूनची पक्क्या छपराची. तिची पुढची काच उघड्या गाडीपेक्षा उंच आहे. उघड्या बीमध्ये माझी नजर थेट काचेच्या वरच्या पट्टीवर जाते. रस्ता बघायला एकतर मान खाली घालावी लागते नाहीतर पट्टीवरून बघावं लागतं. जीटीमध्ये हा त्रास नाही.

आता उंचीबद्दल जरा सविस्तर. सहा फुटांची दोन माणसं एकाच गाडीत सारखी बसत नाहीत. एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड. लांब पायांच्या माणसाला सीट मागे किती सरकते हे महत्त्वाचं. लांब धडाच्या माणसाला छप्पर आणि काचेची पट्टी. जुन्या इटालियन गाड्यांबद्दल तर जगभरचे शौकीन एकच तक्रार करतात: हात लांब आणि पाय आखूड असलेल्या माणसासाठी त्या बनवल्यात. पेडल अगदी जवळ, स्टीअरिंग दूर. गुडघे दोन्ही बाजूंना फाकवून बसायचं आणि हात ताणून चालवायचं.

जॅग्वार ई-टाइपची कहाणी तर प्रत्येक उंच माणसाने ऐकावी. १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हात ती दाखवली तेव्हा लोक वेडे झाले. माल्कम सेयरने आखलेला तो आकार आजही रस्त्यावर दिसला की मी थांबतो. पण पहिल्या गाड्यांची जमीन सपाट होती. टाच ठेवायला खोलगट जागा नाही, सीटच्या मागे पत्र्याची भिंत, त्यामुळे सीट मागे जायची थोडीच. उंच चालकाचे गुडघे वर येऊन स्टीअरिंगला टेकायचे. तक्रारी आल्या आणि १९६२च्या सुरुवातीला जॅग्वारने पायांखालची जमीन खोल केली, मागच्या भिंतीतही बदल केले. आज संग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतात ते त्या सपाट जमिनीच्या पहिल्या गाड्यांना. तुम्ही उंच असाल आणि गाडी खरोखर चालवायची असेल, तर तो मान त्यांच्याकडेच राहू द्या. तुमची ई-टाइप म्हणजे १९७१पासूनची, बारा सिलिंडरची. तिच्यासाठी जॅग्वारने चार-आसनी ई-टाइपचा नऊ इंचांनी लांब असलेला सांगाडा वापरला आणि उघड्या दोन-आसनी गाडीलाही तोच दिला. जाणकार म्हणतात की पहिलीचं रूप तिच्यात राहिलं नाही. मला ते पटतं, तरी मी बारा सिलिंडरवालीच घेईन, कारण तिच्यात मला क्लच पूर्ण दाबता येतो.

डोक्याच्या जागेसाठी तर लोकांनी गाड्याच कापल्यात. फोर्ड जीटी४० या गाडीच्या नावातले चाळीस म्हणजे तिची उंची, चाळीस इंच. अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी सहा फुटांच्या बराच वर. हेल्मेट घातलं की छप्पर आडवं यायचं. त्याच्यासाठी चालकाच्या डोक्यावर छपराला फुगवटा काढला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १९६७ साली गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी ल मां जिंकली त्या फोर्डलाही तो फुगवटा होता. त्याच वर्षी आलेल्या, जपानमध्ये चित्रित झालेल्या बॉण्डपटात टोयोटा २०००जीटी झळकली. तिची उंची ११६ सेंटिमीटर आणि शॉन कॉनरी माझ्याइतका, सहा फूट दोन. शेवटी चित्रपटासाठी छप्परच उतरवून गाड्या तयार केल्या. जगातल्या सर्वांत देखण्या नटासाठी जर गाडी बदलली जाते, तर आपण आपल्यासाठी सीटचे चार बोल्ट हलवले तर त्यात संकोच कसला?

उलट काही गाड्या दिसतात लहान आणि आत प्रशस्त निघतात. पोर्शे ९११ त्यांतली. छपराची कमान डोक्यावरच सर्वांत उंच, काच बरीच उभी, सीट भरपूर मागे जाते. फक्त तिची पेडल जमिनीतून वर येतात आणि उजव्या स्टीअरिंगच्या गाड्यांत ती मध्याकडे सरकलेली असतात. थोडं तिरकं बसायची सवय करावी लागते. डॅटसन २४०झेड तर अमेरिकन गिऱ्हाइकावर नजर ठेवूनच बनवलेली, त्यामुळे तिथेही लांब पायांची सोय आहे.

रुंद माणसाचा प्रश्न वेगळा, आणि त्याबद्दल कुणी मोकळेपणाने बोलत नाही. तिथे अडचण सहसा सीटच्या रुंदीची नसते, स्टीअरिंगची असते. यातल्या बहुतेक गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतं, म्हणून चाक वळवायला तरफ मिळावी यासाठी ते मोठं ठेवत, सोळा इंचांच्या आसपास. त्याची खालची कड मांडीवर येते, किंवा पोटाला लागते. सीट मागे घेतली की पोट सुटतं, पण मग क्लच लांब जातो. मर्सिडीज ३००एसएल या १९५४च्या वर उघडणाऱ्या दारांच्या गाडीत दाराचा उंबरा इतका उंच आणि रुंद आहे की आत शिरण्यासाठी स्टीअरिंगच खाली वळवता येईल अशी सोय त्यांनी करून ठेवली. बाकीच्या बहुतेकांनी ती केली नाही.

त्यानंतर पाय. गिअरबॉक्सवरचा बोगदा आत घुसलेला असतो, पेडल एकमेकांना खेटून. रुंद तळव्याच्या बुटाने ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. हे धोकादायक आहे, म्हणून मी गाडीत पातळ तळाचे, निमुळते बूट वेगळे ठेवतो. माझ्या गाडीत हँडब्रेक बोगद्याला लागून, सीटच्या कडेला आहे. जाड मांडीखाली तो झाकला जातो. चढावर थांबून पुन्हा निघताना हात तिथे सहज पोहोचतो का, हे घेण्याआधी बघायलाच हवं. शिवाय बोगदा तापतो. बारीक माणसाचा पाय त्याच्यापासून दूर राहतो, आपला टेकलेला असतो.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक सांगतात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत बसायची उंची वेगळी असते, कारण सीट. त्या काळच्या अनेक ब्रिटिश सीटांच्या खाली रबरी पट्टे ताणून बसवलेले असत. पन्नास वर्षांत ते सैल होतात, वरचा फोम चुरा होऊन बसतो, आणि माणूस आपोआप खाली जातो. तुम्ही मित्राच्या जुनाट गाडीत बसून ‘डोकं लागत नाही’ म्हणून खूश व्हाल आणि नव्याने सजवलेली गाडी घ्याल, तर तिच्या कडक नव्या फोमवर तुमचं डोकं छपराला टेकेल. म्हणून जी गाडी घ्यायची तिच्यातच बसून बघा.

यातलं बरंच सुधारता येतं आणि मूळ गाडी न बिघडवता. एमजीबीमध्ये सीटच्या रुळांखाली लाकडी पट्ट्या असतात. त्यांची जाडी कमी केली की तेवढी सीट खाली जाते. चांगला सीट शिवणारा फोम आतून कोरून देतो. चौदा इंचांचं स्टीअरिंग लावलं तर मांडी मोकळी होते, पण गाडी उभी करताना ते जड लागतं, खांद्यात बळ हवं. काढलेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून जपून ठेवा. पुढच्या मालकाला तो हवा असेल.

ज्याबाबत मी तडजोड करत नाही ती गोष्ट सुरक्षिततेची. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांना पट्टे नसत, आणि असले तर ठरावीक लांबीचे, मोठ्या छातीला न पुरणारे. जाणकाराकडून पक्क्या जागी नवे, आपोआप गुंडाळले जाणारे पट्टे बसवून घ्या. जुन्या सीटची पाठ खांद्याच्या खालीच संपते, डोक्याला मागून आधार नाही. उंच माणसाच्या मानेला त्याचा धोका जास्त, म्हणून डोक्याला टेका देणारी नंतरच्या सालातली सीट मिळत असेल तर तीच घ्यावी. पट्टा नीट बसत नसेल त्या गाडीचा मोह सोडावा, मग ती कितीही सुंदर असो.

वजनाचाही परिणाम होतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही. इंजिनाला आपण जड होत नाही. लोटस एलान मात्र सारी मिळून सातशे किलोंच्या आत. तिच्यात माझ्यासारखा बसला की एकूण वजनाचा सातवा-आठवा भाग माणसाचा होतो, आणि तो सगळा एका बाजूला. माझ्या गाडीला मागे कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. जुन्या पाट्यांवर चालकाची बाजू किंचित खाली बसते. नवे पाटे घातले की गाडी सरळ उभी राहते.

बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की मी मोठ्या अंगाचा आहे, निवांत वेळ द्या. बहुतेक जण आनंदाने देतात, मीही देतो. आधी बूड सीटवर टेकवा, मग पाय आत घ्या. क्लच तळापर्यंत दाबा आणि त्याच वेळी स्टीअरिंग पूर्ण फिरवा. गुडघा आणि मूठ एकमेकांना भिडतात का पाहा. दुसरा आणि चौथा गिअर टाका, कारण तेव्हा कोपर मागे येतं. काच वर करून दार लावा आणि खांदा बघा. मग दहा मिनिटं तसेच बसून राहा. पहिल्या मिनिटाला सगळंच बरं वाटतं. पाठ बोलते ती दहाव्या मिनिटाला.

‘आमच्या हेराल्डसारखी कुठली?’ असंही जुनी माणसं विचारतात. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ, आणि तिचीच चासी आखूड करून १९६२ साली ट्रायम्फने स्पिटफायर काढली. तिच्यात पाय छान लांब जातात, पण अंग अरुंद आहे. उंच आणि सडपातळ माणसाने ती जरूर बघावी. एमजी मिजेट माझ्या मापाची नाही, आणि उंच माणसाला मी ती सुचवत नाही.

राहता राहिला शेजारी बसणाऱ्याचा प्रश्न. तो बायका विचारतात, नवऱ्यासाठीही आणि स्वतःसाठीही. शेजारच्या सीटपुढे ना स्टीअरिंग ना पेडल, त्यामुळे पायांना तिथे चालकापेक्षा जास्त जागा मिळते. दोघंही रुंद असाल तर खांदे मात्र एकमेकांना लागतात आणि गिअर टाकताना कोपर शेजाऱ्याच्या दंडाला लागतं. म्हणून गाडी बघायला एकटे जाऊ नका. जिच्याबरोबर किंवा ज्याच्याबरोबर ती चालवायची आहे, त्यांना घेऊन जा, दोघं आत बसा, दोन्ही दारं लावा आणि मग दुसरा गिअर टाकून बघा.