तुम्ही विचारलंत म्हणून: सोनेरी रंग टिकतो का?

घरी पहिल्यांदा आलेलं माणूस आरशाच्या चौकटीवरून बोट फिरवतं आणि विचारतं, "हा सोनेरी रंग टिकतो का हो? कुठल्या कंपनीचा?" कंपनीचं नाव मी सांगते, पण त्याआधी एक उलटा प्रश्न विचारते. तुमची वस्तू मुळात कशाची आहे?

हे मला आईच्या लामणदिव्यानं शिकवलं. आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा अर्धं सामान भंगारात गेलं. लामणदिवा मात्र मी कापडात गुंडाळून आणला. काळा पडला होता. गणपती दोन दिवसांवर आले होते, घासायला वेळ नव्हता, म्हणून त्याच्यावर सोनेरी स्प्रे मारला. दिसला सुंदर. दिवाळीत वात लावली आणि तोंडाजवळचा रंग फुगला, करपला. देवघरात तुपाच्या वासाऐवजी जळक्या रंगाचा वास भरला. पुढच्या पावसाळ्यात उरलेल्या भागावर तपकिरी चट्टे उठले. आजोबांनी लग्नात दिला तेव्हा बुडाशी आईचं नाव कोरून घेतलं होतं, ती अक्षरं रंगानं बुजली होती. पेंट रिमूव्हर, जुना टूथब्रश आणि अक्षरांसाठी सुई. चार रविवार गेले. मग चिंच, मीठ आणि पितांबरी. खाली अस्सल पितळ होतं, त्याला माझ्या रंगाची काहीच गरज नव्हती.

म्हणून आधी लोहचुंबक लावून बघा. पिवळ्या वस्तूला चुंबक चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. नाही चिकटलं, तर बुडाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कानस हलकी फिरवा. आतपर्यंत पिवळं निघालं तर पितळ, लालसर निघालं तर तांबं. त्याला घासा, रंगवू नका. स्वयंपाकाच्या भांड्याच्या आत तर कुठलाही धातूचा रंग कधीच लावू नका. तिथे कल्हईच हवी. कल्हई म्हणजे कथील. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, आणि नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कापसानं फिरवलं की बसतं. आमच्या चाळीच्या अंगणात कल्हईवाला भाता घेऊन बसायचा. आता त्याला शोधत जावं लागतं, पण जावं.

रंग शोभतो तो ज्यांना स्वतःची चमक कधी नव्हतीच त्यांना. लोखंडी ट्रंक, शिवणयंत्राचा बिडाचा स्टँड, साध्या लाकडाची चौकट. माझा जीव त्या स्टँडवर आहे. त्याच्या वेलबुट्टीत वर्षानुवर्षांचं तेल आणि दोऱ्याची लव अडकलेली असते. आधी धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यानं ती काढायची, कारण तेलावर जगातला कुठलाही रंग धरत नाही. मग तारेच्या ब्रशनं गंज, त्यानंतर पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, शेवटी २२०. पूर्ण कोरडं झालं की रेड ऑक्साइड प्रायमर. तो गंज रोखतो, आणि वरच्या सोनेरीला ऊबही देतो. युरोपातले जुने कारागीर सोन्याच्या वर्खाखाली तांबडी माती लावत, ती या ऊबेसाठीही. चंदेरी करायचं असेल तर खाली करडा प्रायमर बरा. आणि जुन्या धातूचा भास हवा असेल, तर सगळं काळं रंगवून सोनेरी मेण बोटानं फक्त उंचवट्यांवर चोळा. खाचा काळ्याच राहू द्या. मला हेच सगळ्यात आवडतं, वेलीचं पान न् पान उठून येतं.

आता टिकण्याबद्दल. स्वस्त सोनेरी रंगात पितळेची पूड असते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत ती आधी तपकिरी आणि मग हिरवट पडते. त्यावर क्लिअर लॅकर मारता येतं, पण आधी कोपऱ्यात मारून बघा, काही रंगांची चमक त्यानं मरते. चंदेरीत बहुधा ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. काही ॲक्रिलिक रंगांत अभ्रकाच्या कणांवर टायटॅनियम आणि लोहाच्या ऑक्साइडचा थर दिलेला असतो. धातूच नसल्यामुळे ते काळवंडत नाहीत. माझी आरशाची चौकट त्यातल्याच रंगाची आहे. दुकानात डबा उचलताना कंपनीपेक्षा हे विचारा.

स्प्रे करायचा तर हातभर नाही, वीतभरही नाही, साधारण २५ ते ३० सेंटीमीटरवरून. एकच जाड थर देऊ नका, ओघळ येतो. तीन पातळ द्या. गच्चीवर, तोंडाला वाफा अडवणारा मास्क लावून, आणि शेजारच्यांचे पापड वाळत नाहीत ना हे बघून. जून ते सप्टेंबर डब्याला हात लावू नका. हवेतल्या ओलीनं रंग चिकट राहतो, वर पांढुरकी झाक येते.

तेव्हा माझ्याकडे ट्रंक रंगवायला आणायची असेल तर दसरा झाला की आणा. मात्र झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कुणाचं नाव आणि गाव लिहिलेलं असेल, तर ते घासून आणू नका. मी त्यावर मास्किंग टेप लावते, रंग सभोवार देते आणि शेवटी टेप काढते.