चार शेवांसाठी अख्खी मिसळ

आजचा दिवस उद्यमनगरातल्या कास्टिंगच्या, म्हणजे धातूच्या ओतीव भागांच्या, फोटोंवरचा सी भाषेतला प्रोग्राम दुरुस्त करण्यात गेला. फोटो ४०९६ बाय ४०९६ चा, दर ठिपक्याला ४ बाइटचा इंट (पूर्णांक). म्हणजे बरोबर ६४ एमबी. एवढा ॲरे (आकड्यांचा तक्ता) फंक्शनच्या आत लोकल म्हणून लिहिला, की तो स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत जातो; लिनक्सवर स्टॅक साधारण ८ एमबीचाच, त्यामुळे सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम कोसळणं, ठरलेला. त्याऐवजी मॅलॉकने, म्हणजे मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनने, एकच सलग ब्लॉक घ्या. ओळीओळीला वेगळा मॅलॉक नको. पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या चलाच्या) पॉइंटरला द्विमिती ॲरे समजणं ही जुनीच चूक. फंक्शनला ॲरे देताना पहिली मिती गाळता येते, दुसरी नाही, कारण पत्ता ‘ओळ गुणिले रुंदी अधिक स्तंभ’ असा निघतो. रुंदीच माहीत नसेल तर कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) गुणणार कशाला?

खरी गंमत लूपची, म्हणजे सगळे ठिपके एकेक करून फिरण्याची. सी आकडे ओळीने साठवते, फोरट्रान ही दुसरी भाषा स्तंभाने. सीमध्ये आतला लूप ओळींवर फिरवला, म्हणजे एकाच स्तंभात खाली उतरत गेलं, तर प्रत्येक उडी १६ केबीची. प्रोसेसर दरवेळी साधारण ६४ बाइटची कॅशे लाइन (कॅशे या जवळच्या वेगवान मेमरीतला एक तुकडा) आणतो, म्हणजे १६ आकडे, आणि आपण वापरतो एक. चार शेवांसाठी अख्खी मिसळ मागवून बाकीची परत पाठवल्यासारखं! शिवाय ४०९६ हा दोनाचा घात, म्हणून त्या लाइनी कॅशेच्या मोजक्याच खणांत कोंबल्या जाऊन एकमेकींना हाकलतात. लूपची अदलाबदल करा. स्तंभाने फिरणं टाळताच येत नसेल, तर रुंदी ४११२ ठेवा, दर ओळीतले शेवटचे १६ रिकामे सोडा.