हॉल गारठलेला, सर्व्हर तापलेले

ऐरोलीच्या आमच्या डेटा सेंटरच्या हॉलमध्ये कोल्ड आइलमध्ये, म्हणजे सर्व्हरसमोरच्या थंड हवेच्या गल्लीत, तासभर काम केलं तर स्वेटर लागतो. तरी त्या दिवशी एका ग्राहकाच्या रॅकमध्ये (सर्व्हरच्या कपाटात) वरच्या सर्व्हरना ३३ अंशांची हवा मिळत होती. अशी हवा २७ अंशांच्या आत ठेवावी, असं अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सांगते.

रात्रपाळीने नेहमीचा रामबाण वापरला होता: सेटपॉइंट (ठरवलेलं तापमान) खाली, पंखे शंभर टक्के. साहेबांनी तर जादा पीएसीची (हॉल थंड ठेवणाऱ्या मोठ्या एसी यंत्राची) मागणीही पाठवून दिली. परतीच्या हवेचा आकडा कोणी पाहिलाच नाही. पीएसी १७ अंशांची हवा सोडत होता आणि ती २१ ची होऊन परतत होती. सर्व्हरमधून गेलेली हवा दहा-बारा अंशांनी तरी तापते. म्हणजे बरीचशी थंडी फुकट फेरी मारून येत होती.

हवा कुठे जाते हे पाहायला अगरबत्ती उत्तम, पण इथे ती पेटवली तर आग लागल्याचा अलार्म वाजून अख्खी इमारत रिकामी करावी लागेल. मी काडीला टिश्यूची पट्टी चिकटवून फिरलो. पीएसीची थंड हवा फरशीखालून जाऊन जाळीदार टाइलमधून वर येते. पण पीएसीजवळच्या जाळीदार टाइलवर पट्टी वर उडायच्या ऐवजी खाली ओढली गेली! तिथे फरशीखालून हवा इतक्या वेगात जाते की दाब उतरतो. फास्ट लोकल सुसाट गेली की फलाटावरचा कागद तिच्याकडे खेचला जातो, तसं. पंखे वाढवून आम्ही तेच बिघडवत होतो.

रॅकमध्ये दुसरी गंमत. ग्राहकाने जुने सर्व्हर काढून नेले होते आणि मधल्या फटी उघड्याच होत्या. मागची गरम हवा त्यातून पुढे येऊन पुन्हा वरच्या सर्व्हरच्या तोंडी. तिथे लागतं फट झाकणारं प्लास्टिकचं ब्लँकिंग पॅनेल, हातानेच बसणारं. पण करारानुसार रॅकच्या आतलं सगळं ग्राहकाचं, बाहेरचं आमचं. फट कोणाचीच नाही.

बारा अंशांच्या फरकाने एक किलोवॅट उष्णता न्यायला साधारण दीडशे सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. पंधरा किलोवॅटच्या रॅकला सव्वादोन हजार. साध्या जाळीच्या एका टाइलमधून एवढी येतच नाही. पीएसीजवळच्या जाळ्या बंद केल्या, रॅकसमोर मोठ्या भोकांच्या बसवल्या, केबलच्या भोकांना हवा अडवणारे ब्रश लावले, ग्राहकाची लेखी परवानगी आल्यावर पॅनेलं ठोकली. वरचा आकडा २५ वर आला. मग पंखे ८० टक्क्यांवर आणले. पंख्याची वीज वेगाच्या घनाने बदलते, त्यामुळे ती निम्म्यावर येते. सेटपॉइंटही वर नेला.

नवा पीएसी तरीही आला. ऑर्डर गेली होती म्हणे. भेटीला येणाऱ्यांना साहेब तोच दाखवतात.

पॅनेलांचा खर्च कोणाच्या खात्यात टाकायचा यावर ईमेल अजून फिरतायत. तेवढ्यात त्या ग्राहकाने आणखी दोन सर्व्हर काढून नेले.