वरून काडी, पाय मात्र जाड
जळगावची माझी मावसबहीण वरून अगदी काडी, पण मांड्या-पोटऱ्या जाड, दाबलं की दुखतं, जरा लागलं की काळं-निळं, आणि घरचे म्हणणार शेवभाजी बंद कर! अहो हा लिपेडिमा, म्हणजे पायांत चरबी साठण्याचा आजार, बारीक बायकांनाही होतो, 1940 मध्येच ॲलन आणि हाइन्स या डॉक्टरांनी सांगून ठेवलाय. दोन्ही पाय सारखेच जाड, चरबी घोट्याशी थांबते, पाऊल मात्र बारीकच. बरेचदा वयात येताना नाहीतर बाळंतपणात सुरू होतो, डाएटने ती चरबी फारशी हटत नाही. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज (पाय घट्ट दाबून धरणारे मोजे), पोहणं यानं दुखणं कमी होतं (मे महिन्यात जळगावात ते मोजे घालून दाखवा म्हणा), फारच त्रास असला तर लायपोसक्शन, म्हणजे चरबी शोषून काढायचं ऑपरेशन, तेही अनुभवी सर्जनकडेच. एकच पाय अचानक सुजला तर मात्र लगेच दवाखाना गाठा, रक्ताची गाठ असू शकते.