रायगडावरचा तह आणि आमचा सिलॅबस

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त शिकवायचे म्हणजे सुरुवात वेस्टफालियाच्या तहापासून, हे ठरलेलंच. १६४८ साली युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपलं, सार्वभौम राज्यांची व्यवस्था जन्मली आणि तिथून ती जगभर पसरली. इतिहासकारांनी या गोष्टीची केव्हाच चिरफाड केली आहे, पण परीक्षेला येते ती हीच. या विषयाचं पहिलं अध्यासन १९१९ साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथला निघालं, तेव्हा आपण साम्राज्याचा भाग होतो. त्यामुळे पुस्तकात आपण भेटतो ते वसाहत म्हणून, नाहीतर कौटिल्याच्या परिच्छेदात. ‘भारताचा मॅकियाव्हेली’ हे बिरुद, बारा राजांच्या मंडलाची आकृती, की झालं! पुढच्या प्रकरणात तो कुणाच्या कामी येत नाही. देव्हाऱ्यात बसवलेला.

गेल्या पावसाळ्यात हेच शिकवत असताना राजापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलं, “मॅडम, सार्वभौम राज्य युरोपातून इकडे आलं म्हणता, तर १६७४ला रायगडावर इंग्रजांनी तह कोणाशी केला?”

वर्ग हसला. तो काही गंमत करत नव्हता. त्या दिवशी वास्तववाद, म्हणजे राज्यं आधी आपली सत्ता नि सुरक्षितता बघतात हा सिद्धान्त, संपवायचा होता, तो मी बाजूला ठेवला.

राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन आला होता हे सगळ्यांना माहीत होतं. तो काय मागायला आला होता, हे कुणालाच नाही. राजापूरच्या लुटलेल्या वखारीची भरपाई, व्यापाराच्या सवलती, असं बरंच. घासाघीस झाली ती दोन कलमांवर. इंग्रजांची नाणी राज्यात चालावीत, या मागणीवर उत्तर आलं की लोक धातूच्या किमतीने घेतील तर घेवोत, सक्ती होणार नाही. दुसरं कलम किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांच्या मालाचं. तो परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी. त्यावरचं उत्तर त्यांच्याच नोंदीत आहे: हा कोकणचा जुना रिवाज आहे, आणि तुम्हाला सूट दिली तर उद्या फ्रेंच नि डच तेच मागतील. पायंडा, समान वागणूक, रिवाजाचा कायदा हे सगळं त्या दोन वाक्यांत आहे, आणि त्यासाठी कुणी वेस्टफालियाची आठवण काढलेली नाही.

मग पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पण मॅडम, समोर तरी राज्य कुठे होतं? ती तर कंपनी!” खरंच होतं. १६६८पासून मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे होती, इंग्लंडच्या राजाला वर्षाला दहा पौंड खंड देऊन. म्हणजे रायगडावर गडबड होती ती इंग्रजांच्या बाजूची. आमचं पुस्तक राज्य आणि राज्येतर असे दोन कप्पे करतं. कंपनी दोन्हींत पाय ठेवून उभी.

तेव्हा मी कपाटातून ‘आज्ञापत्र’ हा मराठ्यांच्या राजनीतीवरचा ग्रंथ काढला. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५च्या सुमारास टोपीकरांबद्दल, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांबद्दल, लिहिलेला मजकूर आम्ही एकत्र वाचला. सांगणं असं की हे वरकड सावकारांसारखे नव्हेत. यांच्या मागे यांचे राजे आहेत, आणि राज्य करणाऱ्याला जागेचा लोभ सुटत नाही. म्हणून वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठची देऊ नये, आत सखल जागी द्यावी, पक्कं बांधकाम करू देऊ नये.

“झालं, आता मराठाकेंद्री होऊ या,” मागून आवाज आला. तो मुलगा चंद्रपूरचा. गोंडांची राज्यं कुठल्या प्रकरणात आहेत, हेही त्याने विचारून घेतलं. आक्षेप रास्त होता. युरोपचा फोटो उतरवून तिथे आपला टांगायचा, एवढंच करायचं असेल तर मलाही त्यात रस नाही. सिद्धान्त जिथे जन्मला तिथलंच सांगत असेल तर तो स्थानिक इतिहास. दुसऱ्याच्या भानगडीवर तो चालतो का, हे बघायचं. वेस्टफालियाचं मॉडेल आपण जगभर चालवून बघतो, मग अमात्यांना कोकणाबाहेर का नेऊ नये?

फळ्यावर लिहिलं: व्यापाऱ्यामागे राज्य असेल तर बंदर देऊ नये. मुलांनी तत्काळ हंबनटोटा काढलं. २०१७मध्ये श्रीलंकेने ते बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलं, घेणारी कंपनी चीनच्या सरकारी मालकीची. अमात्यांचं वाक्य तिथे चपखल बसलं, आणि मला त्या बसण्याचीच धास्ती वाटली. कर्जाचा, डॉलरच्या टंचाईचा त्यात पत्ता नाही. जागा नाकारायची ऐपतच नसेल तर काय, हे अमात्य सांगत नाहीत.

राजापूरच्या मुलाने आणखी एक खुंटी ठोकली. “१७५६ला पेशव्यांनीच इंग्रजांना बरोबर घेऊन विजयदुर्गावर मराठ्यांच्याच आंग्र्यांचं आरमार बुडवलं. आज्ञापत्र वाचलं नव्हतं का त्यांनी?” आता याचं उत्तर द्यायला वास्तववादच लागला. घरातला प्रतिस्पर्धी आधी, परका नंतर. सकाळी बाजूला ठेवलेलं पुस्तक दुपारी असं परत उघडावं लागलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पेपर विद्यापीठाचा, त्यात काही बदलता येत नाही. अंतर्गत गुण मात्र माझ्या हातात. तिथे प्रश्न घातला की अमात्यांचं हे विधान भारताबाहेरच्या एका प्रकरणावर तपासा. बऱ्याच जणांनी हंबनटोटाच पुन्हा लिहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलीने जपान घेतला: १६४१पासून डचांना नागासाकीच्या देजिमा या बांधीव बेटावर कोंडून ठेवलं, व्यापार चालू ठेवला, आणि दोन शतकं निभावून नेलं. तिथे टोपीकर समुद्रातच ठेवले आणि तरी धाक राहिला. मग महत्त्वाचं काय, वखारीची जागा की तिच्या फाटकावरचा पहारेकरी एकाच धन्याचा असणं? विजयदुर्गाचा दाखला देऊन तिने पहारेकऱ्याच्या बाजूने कौल दिलाय. चंद्रपूरच्या मुलाला तो मान्य नाही. त्याला पुढच्या तासाला बोलायचंय.