संग्रहालयाची नवी दालनं: वातानुकूलनाआधी दवबिंदू ठरवा

लाकडी फळीवरचं जुनं चित्र उन्हाळा-हिवाळा सहन करतं. त्याला मारतो तो ओलाव्याचा चढउतार. हवा दमट झाली की फळी आडव्या अंगाने फुगते, कोरडी झाली की आकसते. वरचा रंग तितका हलत नाही. मग चिरा पडतात, पापुद्रे सुटतात. म्हणून जुन्या संग्रहालयाला नवी इमारत जोडताना आमचा पहिला प्रश्न असतो: दवबिंदू, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, किती?

२१ अंश सेल्सिअस आणि ५०% सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत मावेल त्याच्या निम्मा ओलावा) हवी असेल, तर दवबिंदू साधारण १० अंश येतो. कॉइलवरून, म्हणजे गार पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून, हवा तिथवर उतरवायची, तर ते पाणी (चिल्ड वॉटर) ५-६ अंशांचं लागतं. पाणी निथळलं की तीच हवा रीहीट कॉइलवर तापवून दालनात सोडायची. वीज वाचवायला कुणी पाण्याचा सेटपॉइंट ९-१० अंशांवर नेला, तर तापमान बरोबर दिसतं, पण ओलावा निघायचा थांबतो. रीहीटसाठी चिलरच्या (पाणी गार करणाऱ्या यंत्राच्या) कंडेन्सरची वाया जाणारी उष्णता वापरा. खरी बचत तिथे आहे.

ओलावा तेवढाच असताना तापमान १ अंशाने उतरलं, तरी आर्द्रता सुमारे ३ टक्क्यांनी चढते. रात्री तापमान ढिलं सोडायची ऑफिसातली सवय इथे चालत नाही.

गर्दीचाही हिशेब करा. रेंगाळत चित्रं पाहणारा माणूस तासाला साधारण ८० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. २०० माणसांचे १६ किलो. उद्घाटनाच्या संध्याकाळी यंत्रणा इथेच हरते.

आर्द्रता ठरलेल्या आकड्याच्या ±५% च्या आतच ठेवायचा हट्ट मात्र सरसकट धरू नये. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाच्या मार्गदर्शनानुसार बहुतेक वस्तूंना ४० ते ६०% आर्द्रता आणि १६ ते २५ अंश चालतात, फक्त २४ तासांतला बदल ±१०% च्या आत हवा. त्याहून नाजूक वस्तू सिलिका जेल घातलेल्या बंद पेटीत ठेवा. एका पेटीसाठी अख्खं दालन जखडून ठेवणं चूक आहे.

सर्वात जास्त चुका होतात जुन्या-नव्याच्या सांध्यावर. नव्या भिंतीत व्हेपर बॅरियर (ओलावा अडवणारा थर) असतो, जुन्या दगडी भिंतीत नसतो. थंड प्रदेशात आर्द्र केलेली हवा त्या फटीतून आत शिरते, गार दगडावर पाणी सुटतं आणि महिनोन्‌महिने कुणाला दिसत नाही. बॅरियर सांध्यावर सलग न्या, दोन्ही बाजूंच्या एएचयूंचे (दालनाला हवा पुरवणाऱ्या यंत्रांचे) दाब जुळवा, मधे दुहेरी दारांची खोली ठेवा.

हवेला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरला बॉयलरची वाफ थेट देऊ नका. पाइप गंजू नयेत म्हणून त्या पाण्यात अमाइन घातलेले असतात आणि ते चित्रांवर बसतात. शुद्ध पाण्याची वेगळी वाफ करा. वाफेच्या नळीपुढे डक्ट पुरेसा सरळ ठेवा, नाहीतर वाफ हवेत मिसळण्याआधीच पत्रा ओला होतो.

आर्द्रतेचे सेन्सर बाहेरच्या भिंतीवर किंवा दाराजवळ नको. त्यांचे आकडे हळूहळू सरकतात, म्हणून दरवर्षी मिठाच्या संपृक्त द्रावणावर तपासा: बंद डब्यात साधं मीठ ७५% दाखवतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३%. दालनाच्या डोक्यावरून पाण्याचा एकही पाइप नेऊ नका. नाइलाज असेल तर खाली ट्रे आणि गळतीचा सेन्सर लावा.

नवं काँक्रीट कित्येक महिने पाणी सोडत राहतं. यंत्रणा रिकाम्या दालनात चालवा, ऋतू बदलताना नोंदी पाहा. आलेख स्थिर झाल्याशिवाय एकही चित्र टांगू नका.